कुरआनचं जुनं पान सापडलं म्हणजे नेमकं काय सापडलं?

रमजान जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. नागपुरात सोसायटीचा ग्रुप असो, शाळेच्या बॅचचा असो की मॉर्निंग वॉकवाल्यांचा, येतोच येतो, आणि गंमत म्हणजे दोन अवतारांत येतो. एका अवतारात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये म्हणे पैगंबरांच्याही आधीचं कुरआन निघालं, आता सगळं उघडं पडलं. दुसऱ्या अवतारात त्याच बर्मिंगहॅममध्ये सायन्सने सिद्ध केलं की चौदाशे वर्षांत एक मात्रासुद्धा हललेली नाही. बातमी एकच, २०१५ सालची. फोटोही एकच, तपकिरी पान आणि त्यावर उजवीकडे कललेली अक्षरं. निष्कर्ष मात्र एक काटोलकडे चाललेला अन दुसरा उमरेडकडे.

मग ग्रुपवर दोन दिवस भांडण, दोघंतिघं लेफ्ट, अॅडमिनची "कृपया धार्मिक पोस्ट टाकू नये" अशी तंबी, विषय खल्लास. ते पान आहे काय, त्याचं वय कसं काढलं, आणि आज दुकानात मिळणाऱ्या छापील कुरआनशी त्याचं नातं काय, हे कोणी विचारतच नाही राजेहो.

मी डीटीपीवाला माणूस, अक्षरं जुळवण्यात आयुष्य गेलं. कोणाचा धर्म खरा अन कोणाचा खोटा यावर बोलायचा मला ना अधिकार ना हौस. पण कागद, शाई, छपाई, प्रूफ, अनुवाद हे माझ्या गल्लीतले विषय आहेत आणि कुरआनच्या बाबतीत ही गोष्ट खरंच भन्नाट आहे, म्हणून जरा बैजवार लिहितो.

आधी कान, मग कागद

आपण "धर्मग्रंथ" म्हटलं की डोळ्यापुढे पुस्तक येतं. इथेच पहिली चूक होते. कुरआन मुळात म्हणायची गोष्ट आहे, मोठ्याने, सुरात, पाठ करून. ते ज्या पुस्तकात लिहिलेलं असतं त्याला वेगळा शब्द आहे, मुसहफ. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

मोमिनपुऱ्यात रमजानच्या रात्री तरावीहची नमाज होते. त्यात इमाम असलेला हाफिज, म्हणजे ज्याला अख्खं कुरआन पाठ आहे असा माणूस, रोज थोडंथोडं करत महिनाभरात पूर्ण कुरआन तोंडपाठ म्हणतो. समोर पुस्तक नाही. त्याच्या मागच्या रांगेत सहसा दुसरा एक हाफिज उभा असतो आणि त्याचं काम एकच, कान देऊन ऐकणं. पुढचा कुठे अडखळला, एखादी ओळ सुटली, की मागून लगेच बरोबर शब्द येतो. याला लुकमा देणं म्हणतात. इमाम तिथल्या तिथे दुरुस्ती करतो आणि पुढे जातो. माझ्या भाषेत सांगायचं तर हे लाइव्ह प्रूफरीडिंग आहे आणि ते कागदाशिवाय चालतं.

मुस्लिम परंपरेनुसार पैगंबर मुहम्मद ६३२ साली वारले तेव्हा कुरआन लोकांना पाठ होतं आणि तुकड्यातुकड्यांनी चामड्यावर, हाडांवर, खजुराच्या फांद्यांवर लिहिलेलंही होतं. पुढे तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, म्हणजे ६५० च्या सुमारास, वेगवेगळ्या गावचे लोक वेगवेगळं म्हणायला लागले म्हणून वाद झाले. तेव्हा झैद इब्न साबित यांच्या हाताखाली एक अधिकृत प्रत तयार झाली, तिच्या नकला मोठ्या शहरांत धाडल्या आणि बाकीच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. हे परंपरेतच सांगितलेलं आहे, कोणा गोऱ्या साहेबाने शोधून काढलेलं गुपित नाही.

त्या वेळची अरबी वाचायची कशी?

आता लिपीची भानगड. आजच्या अरबीत बे, ते, से, नून आणि ये ही अक्षरं शब्दाच्या मधे आली की सगळ्यांचा आकार सारखाच, एक छोटासा दात. खाली एक ठिपका असला तर बे, वर दोन असले तर ते, वर तीन असले तर से, वर एक असला तर नून, खाली दोन असले तर ये. सातव्या शतकातल्या हस्तलिखितांत हे ठिपके क्वचित कुठेतरी दिलेले असतात, बाकी ठिकाणी नुसते दात. वेलांट्या-उकारांसारख्या स्वरखुणा तर नाहीतच, त्या पुढच्या काळात हळूहळू आल्या.

म्हणजे वाचणार कसं? ज्यांनी मोडी कागद पाहिलेत त्यांना चटकन समजेल. भोसल्यांच्या काळचा एखादा मोडी कागद घ्या. ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, लेखणी न उचलता ओळच्या ओळ पळत गेलेली. नवखा माणूस त्यापुढे रडतो. पण जाणकाराला सनदेची भाषा ठरलेली असते हे माहीत असतं, पुढे काय येणार ते त्याच्या कानात आधीच वाजत असतं, त्यामुळे तो झरझर वाचतो. जुना मुसहफ असाच आहे. ज्याला पाठ आहे त्याला आठवण करून द्यायला तो पुरेसा होता, कोऱ्या माणसाने उघडून वाचावा म्हणून तो लिहिलेलाच नव्हता.

आणि म्हणूनच एकाच सांगाड्यावर एकापेक्षा जास्त वाचनं बसू शकतात. पहिल्याच सुरेत, म्हणजे पहिल्याच अध्यायात, "निवाड्याच्या दिवसाचा" जो कोणी आहे त्याला एका परंपरेत मालिक म्हणतात, दुसऱ्या परंपरेत मलिक. एक म्हणजे धनी, दुसरा म्हणजे राजा. जुन्या लिखाणात दोन्ही सारखेच दिसतात. अशा मान्य वाचन-परंपरांना किराअत म्हणतात. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिदने त्यातल्या सात प्रमाण मानल्या, पुढे आणखी तीन धरल्या गेल्या. आज जगात बहुतेक ठिकाणी, आपल्याकडेही, हफ्स नावाची परंपरा चालते. मोरोक्को-अल्जीरियाकडे वर्श चालते. दोन्हीकडचे छापील मुसहफ शेजारी ठेवले तर बारीक फरक दिसतात आणि तिथल्या मुसलमानांना त्याचं काही आश्चर्य वाटत नाही.

बर्मिंगहॅमची दोन पानं

दोन पानं, बस. फॉरवर्ड वाचून अख्खं कुरआन सापडल्यासारखं वाटतं, पण आहेत ती चर्मपत्राची, म्हणजे मेंढी किंवा बकरीच्या कातड्याची, दोन पानं. त्यांवर सुरा १८, १९ आणि २० मधला थोडाथोडा मजकूर आहे. आणि ती कुठल्या वाळवंटात सापडली नाहीत, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतच होती. आजच्या इराकमधल्या मोसूलकडचे अल्फोन्स मिंगाना नावाचे विद्वान होते, त्यांनी १९२० च्या दशकात मध्यपूर्वेतून हस्तलिखितं गोळा केली. त्याला पैसा पुरवला एडवर्ड कॅडबरी यांनी. हो, चॉकलेटवाले कॅडबरीच. ही दोन पानं चुकून दुसऱ्याच एका कुरआनच्या पानांबरोबर बांधली गेली होती आणि कित्येक दशकं तशीच पडून होती. अल्बा फेदेली नावाच्या इटालियन संशोधिकेला पीएचडी करताना जाणवलं की या पानांचा हात वेगळा आहे. याच हस्तलिखिताची सोळा पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत असं अभ्यासक मानतात.

ऑक्सफर्डच्या लॅबने कार्बन डेटिंग केलं. कार्बन डेटिंग म्हणजे काय, तर प्राणी जिवंत असेपर्यंत खाण्यातून कार्बन-१४ नावाचा अस्थिर कार्बन शरीरात घेत असतो, मेला की घेणं बंद, आणि असलेला कार्बन ठराविक वेगाने घटत जातो, ५७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजायचं आणि मागे हिशेब करायचा. उत्तर आलं इसवी सन ५६८ ते ६४५, शक्यता ९५.४ टक्के.

पैगंबरांचा काळ साधारण ५७० ते ६३२. आता बघा, "पैगंबरांच्या आधीचं" म्हणणाऱ्यांनी ५६८ हा आकडा उचलला आणि ६४५ सोडून दिला. पण पट्टा म्हणजे पट्टा असतो. त्यातलं कुठलंही वर्ष असू शकतं आणि पैगंबरांचं अख्खं आयुष्य त्यातच बसतं. दुसरं म्हणजे मोजलं ते कातड्याचं वय, शाईचं नाही. बकरी कधी मेली ते कळलं, लेखकाने लेखणी कधी उचलली ते नाही. चर्मपत्र महाग, ते काही वर्षं पडून राहू शकतं. काही अभ्यासकांनी अक्षरांचं वळण, आयती, म्हणजे वचनं, वेगळ्या करायच्या खुणा, सुरांच्या मधल्या रेघा हे सगळं पाहून सांगितलं की लिखाण सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं असावं. म्हणजे कार्बनवाला एक सांगतो, लिपीवाला त्यात थोडी भर घालतो, दोघांचं मिळून चित्र बनतं.

आणि "एक मात्राही हललेली नाही" म्हणणाऱ्यांसाठी, भाऊ, त्या पानांवर मात्रा होत्याच कुठे? शिवाय दोन पानांवरून अख्ख्या पुस्तकाबद्दल सर्टिफिकेट देता येत नाही. पण या पानांनी एक गोष्ट नक्की केली. १९७७ च्या सुमारास जॉन वान्सब्रोसारख्या काही पाश्चात्य विद्वानांनी मांडलं होतं की कुरआनचा मजकूर पैगंबरांनंतर शंभर-दोनशे वर्षांनी आकाराला आला असावा. बर्मिंगहॅम, पॅरिस, जर्मनीतलं ट्युबिंगेन अशा ठिकाणची सातव्या शतकातली पानं पुढे आल्यावर त्या मांडणीत दम उरला नाही. हे काम शांतपणे झालं, फॉरवर्डविना झालं.

सनाचं छत

बर्मिंगहॅमपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट येमेनमध्ये घडली, पण तिचा फॉरवर्ड येत नाही, कारण ती गुंतागुंतीची आहे.

१९७२ साली सना शहरातल्या मोठ्या मशिदीची डागडुजी चालली होती. छताच्या पोकळीत मजुरांना चामड्याच्या आणि कागदाच्या फाटक्या पानांचा ढीग सापडला, पाण्याने-उंदरांनी खाल्लेला. त्यांनी पोत्यांत भरून ठेवला. तो ढीग तिथे का होता? कारण जीर्ण झालेला मुसहफ फेकता येत नाही. आपल्याकडेही मुस्लिम घरांत पान फाटलं, जिल्द सुटली की कुरआन "शहीद" झालं म्हणतात आणि ते आदराने पुरतात किंवा कुठेतरी सुरक्षित ठेवून देतात. सनाच्या लोकांनी शतकानुशतकं ते छतात ठेवलं आणि नकळत जगातला एक सगळ्यात मोठा साठा जपला.

येमेनच्या पुरातत्त्व खात्याचे काझी इस्माईल अल-अक्वा यांना त्याची किंमत कळली. त्यांनी मदत मागितली आणि १९८० च्या दशकात जर्मन पथक आलं. नऊशेच्या वर वेगवेगळ्या मुसहफांचे हजारो तुकडे होते. एकेक ओला करून, सपाट करून, कुठला कुठल्या प्रतीचा ते लावायचं. माझ्याच्याने दोन दिवस झालं नसतं.

त्यात एक विशेष चीज निघाली. चर्मपत्र महाग म्हणून जुना मजकूर धुऊन त्यावर नवा लिहायची पद्धत होती, अशी पुनर्लेखित पानं. वरचा मजकूर आपल्याला माहीत असलेलं कुरआनच. पण खालच्या धुतलेल्या शाईतला धातूचा अंश काळाबरोबर पुन्हा तपकिरी दिसायला लागला आणि अतिनील प्रकाशात फोटो काढल्यावर खालचं लिखाणही बरंच वाचता आलं. ते सुद्धा कुरआनच, पण जरा वेगळं. काही ठिकाणी शब्द मागेपुढे, काही ठिकाणी त्याच अर्थाचा दुसरा शब्द, काही छोटे शब्द कमीजास्त, आणि सुरांचा क्रम वेगळा. कार्बन डेटिंगवरून हे कातडं बहुधा सातव्या शतकाच्या पूर्वार्धातलं.

"म्हणजे बदललं ना मग?"

हा प्रश्न येणारच, म्हणून सरळ उत्तर देतो. खालचा मजकूर दाखवतो की सुरुवातीच्या काळात एकापेक्षा जास्त लेखी रूपं चालू होती. आता हे धक्कादायक आहे का? मुस्लिम परंपरेच्या जुन्या पुस्तकांतच नोंदी आहेत की इब्न मसऊद आणि उबय इब्न काब या पैगंबरांच्या साथीदारांच्या स्वतःच्या प्रती होत्या, त्यांत काही शब्द आणि सुरांचा क्रम वेगळा होता. उस्मान यांनी प्रत एक का करायला लावली, तर याच कारणाने. सनाच्या पानाने त्या नोंदींना पहिल्यांदा हातात धरता येईल असा पुरावा दिला, एवढंच. त्यात वेगळी कथा, वेगळी शिकवण, वेगळा देव असं काही निघालेलं नाही. पण "कधीच, कुठेच, काहीच फरक नव्हता" हे वाक्यही त्या पानापुढे टिकत नाही. माझ्या मते दोन्ही बाजूच्या फॉरवर्डवाल्यांना हे पान गैरसोयीचं आहे म्हणूनच ते त्याच्या वाट्याला जात नाहीत.

"पण हे सगळे युरोपातले लोक, यांचं काय ऐकायचं?" हाही आक्षेप असतो आणि तो अगदीच फालतू नाही, कारण युरोपात कुरआनचा अभ्यास बराच काळ खोडून काढण्यासाठीच झाला. पण तुर्कस्तानचे तय्यार अल्टीकुलाच घ्या. देशाच्या धर्मखात्याचे प्रमुख राहिलेले धार्मिक विद्वान. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातला मुसहफ खुद्द खलिफा उस्मान यांचा म्हणून शेकडो वर्षं पुजला गेलेला. अल्टीकुलाच यांनी तो अक्षर-अक्षर तपासून २००७ साली छापला आणि स्वच्छ सांगितलं की तो उस्मान यांचा नाही, नंतरचा आहे. ताश्कंदमधल्या अशाच प्रसिद्ध प्रतीबद्दलही तज्ज्ञांचं मत तेच आहे. त्यांची श्रद्धा जागेवर, निष्कर्ष जागेवर.

छापायला इतका उशीर का केला?

आता माझा आवडीचा भाग. युरोपात छपाई १४५० च्या आसपास आली. मुसलमानांनी स्वतः कुरआन मोठ्या प्रमाणात छापायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. "मागासलेपणा, दुसरं काय" असं उत्तर लोक देतात. मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या म्हाताऱ्या कंपोझिटरांच्या हाताखाली शिकलोय, मला ते उत्तर पटत नाही.

पहिलं छापील अरबी कुरआन व्हेनिसचं, १५३७-३८ च्या सुमाराचं, पागानिनी बापलेकांनी छापलेलं. मुस्लिम देशांत विकू असा धंद्याचा हिशेब असावा. ते इतकं गायब झालं की पोपने सगळ्या प्रती जाळल्या अशी दंतकथा तयार झाली. शेवटी १९८७ साली अँजेला नुओव्हो यांना व्हेनिसमधल्याच एका मठाच्या ग्रंथालयात एक प्रत सापडली आणि ती बघितल्यावर धंदा का बुडाला ते कळलं. पानोपानी चुका. अक्षरंच धड वेगळी ओळखता येत नाहीत, स्वरखुणाही धड नाहीत. ज्या समाजात माणूस एक ओळ चुकला की मागून लुकमा येतो, त्या समाजाला तुम्ही हे विकणार!

अरबी अक्षरं जोडून लिहितात, प्रत्येक अक्षराचं सुरुवातीचं, मधलं, शेवटचं, सुटं असं वेगळं रूप, वर स्वरखुणा, त्यावर थांबायच्या खुणा. शिशाच्या खिळ्यांत हे बसवायला शेकडो साचे लागतात आणि तरी ते हाताच्या अक्षरापुढे भिकार दिसतं. हॅम्बुर्गला १६९४ ला, पाडुआला १६९८ ला छापून झालं, पण ते युरोपी विद्वानांसाठी. मुसलमानांसाठी मुसलमानांच्या देखरेखीखाली नीट छापलं गेलं ते रशियात, राणी कॅथरीनच्या काळात १७८७ ला सेंट पीटर्सबर्गला आणि मग १८०३ पासून कझानला. कझानची प्रत दूरवर गेली.

खरी क्रांती केली शिळाप्रेसने. म्हणजे दगडावर लिहून छापायची पद्धत. इथे खिळे नाहीत, खुशनवीस, म्हणजे सुंदर अक्षर काढणारा, आपल्या हाताने लिहितो आणि तेच जसंच्या तसं कागदावर उतरतं. आपल्या देशात हे तंत्र १८२० च्या दशकात आलं आणि उर्दू-फारसी-अरबी छपाई सुसाट सुटली. लखनौला मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ ला प्रेस काढला, स्वतः हिंदू, आणि तिथून कुरआन, हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे संग्रह, फारसी काव्य, हिंदू धर्मग्रंथ सगळं एकाच छताखाली बाहेर पडायचं. गरिबाच्या घरात स्वतःचं कुरआन आलं त्यात या छापखान्यांचा मोठा हात आहे.

१९२४, कैरो

आज नेटवर, अॅपमध्ये जे कुरआन दिसतं त्याचा बाप म्हणजे १९२४ ची कैरोची आवृत्ती. इजिप्तच्या शाळांत वेगवेगळ्या छापांची पुस्तकं यायची, चुका असायच्या, मुलांना शिकवायला एकसारखा मजकूर पाहिजे होता. राजा फुआदच्या काळात समिती बसली, अध्वर्यू होते इजिप्तचे प्रमुख कुरआनपाठक मुहम्मद अल-हुसैनी अल-हद्दाद. त्यांनी हफ्सची परंपरा घेतली, ६२३६ आयतींची मोजणी पक्की केली, थांबायच्या खुणा ठरवल्या.

आता गंमत ऐका. समितीने जुनी हस्तलिखितं गोळा करून त्यांची तुलना केली नाही. त्यांनी पाठकांची परंपरा आणि वाचनशास्त्रावरचे ग्रंथ प्रमाण धरले. युरोपी संपादकाला हे उलटं वाटतं, तो म्हणेल जुन्यात जुनी प्रत काढा. कैरोवाले म्हणतील, अरे, प्रत लिहिणारा चुकू शकतो, हजारो लोक एका सुरात म्हणतात ते कसं चुकेल? दोघांचं शास्त्र वेगळं आहे आणि दोघंही आपापल्या जागी काटेकोर आहेत. म्हणूनच "जुनं पान सापडलं, आता छापील कुरआन बदलावं लागणार" ही भीती किंवा आशा, जे काय असेल ते, फोल आहे. छापील प्रत त्या पानांवर उभीच नाही.

नंतर १९८४ ला मदिनेत किंग फहद संकुल सुरू झालं. सीरियाचे उस्मान ताहा यांच्या अक्षरातली प्रत तिथून कोट्यवधींनी निघाली आणि जगभर पोचली. आपल्याकडचे छाप अजूनही थोडे निराळे दिसतात, समासात रुकूची, म्हणजे वाचनाच्या टप्प्याची, खूण म्हणून ऐन अक्षर असतं, अक्षराचं वळण जाड असतं. मोमिनपुऱ्यातल्या दुकानात गिऱ्हाईक पानावर ओळी किती ते सांगून मागतं, तेरा लाइनचं द्या, पंधरा लाइनचं द्या. पाठ करणाऱ्याच्या डोळ्यापुढे पानाचा नकाशा पक्का झालेला असतो, त्याला दुसरा छाप देऊन चालत नाही.

लपवलेले फोटो

मग जुन्या पानांची तुलना करायची हौस कोणी केली? गॉटहेल्फ बेर्गश्ट्रेसर नावाच्या जर्मन विद्वानाने. १९२० च्या शेवटाला हा माणूस कॅमेरा घेऊन निघाला आणि जिथे जुना मुसहफ दिसेल तिथे पानन् पान टिपत सुटला. कैरोत जाऊन पाठकांनाही भेटला. १९३३ ला आल्प्समध्ये डोंगरावर अपघातात गेला. काम त्याच्या सहकाऱ्याकडे आलं, ओटो प्रेट्झल, तो १९४१ ला विमान अपघातात गेला. फोटो म्युनिकला होते आणि १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात ती इमारत जळाली. तिसरा वारस अँटन श्पिटालर, त्याने जगाला सांगितलं, सगळं खाक झालं. लोकांनी हळहळ केली आणि विषय सोडला.

फिल्मची साडेचारशेच्या आसपास रोळं त्याच्याकडेच होती. जवळपास पन्नास वर्षं तो गप्प बसला आणि म्हातारपणी आपल्या विद्यार्थिनीला, अँजेलिका नॉयविर्थ यांना, देऊन टाकली. का लपवली याचे लोकांनी नाना तर्क केले. त्या फोटोंच्या जोरावर २००७ ला बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमीत कॉर्पस कोरानिकम नावाचा प्रकल्प सुरू झाला. आयत निवडायची आणि ती कुठल्या हस्तलिखितात कशी लिहिलीय, कुठल्या परंपरेत कशी म्हणतात ते बघायचं. ते फुकट उघडं आहे, फोनवरसुद्धा चालतं. ग्रुपवर भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी उघडून पाहिलं असेल ते सांगायची गरज नाही.

अनुवाद म्हणजे कुरआन का?

मुस्लिम विद्वानांच्या मते नाही. अनुवाद हा अर्थ समजावून सांगायचा प्रयत्न, नमाजेत तो चालत नाही. यावर वाद मात्र जुने आहेत. इमाम अबू हनीफांनी ज्याला अरबी येत नाही त्याला नमाजेत फारसीची मुभा दिल्याचं सांगतात, बाकीच्यांनी ते मानलं नाही.

युरोपातला पहिला पूर्ण लॅटिन अनुवाद ११४३ चा, केटनच्या रॉबर्टचा, हेतू उघड होता, खंडन करायचं. तो १५४३ ला बाझेलला छापताना छापणाऱ्याला अटक झाली आणि मार्टिन ल्यूथरने रदबदली केली, कारण शत्रूचं पुस्तक वाचलं तर पाहिजे! इंग्रजीत जॉर्ज सेलचा १७३४ चा अनुवाद गाजला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांच्याकडे त्याची प्रत होती आणि २००७ ला कीथ एलिसन या अमेरिकी खासदाराने तीच प्रत हातात धरून शपथेचा सोहळा केला.

आपल्या देशात अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लांनी फारसीत केला, त्यांच्या मुलांनी उर्दूत. बंगालीतला पहिला पूर्ण अनुवाद १८८१ ते ८६ च्या दरम्यान गिरीशचंद्र सेन या ब्राह्मो समाजातल्या माणसाने केला.

इंग्रजीतले दोन सगळ्यात खपणारे जुने अनुवाद आपल्या मुलखाशी नातं सांगतात. मार्माड्यूक पिकथॉल, धर्माने मुसलमान झालेला इंग्रज, १९२० ते २४ मुंबईत बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक होता, मग हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेला. निजामाने त्याला पगारी सुट्टी देऊन अनुवाद करवून घेतला. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्याचाही सारा जायचा, तेव्हा त्या पुस्तकात औरंगाबाद-परभणीच्या शेतकऱ्याचाही घाम आहे असं मी धरतो. पिकथॉल हस्तलिखित घेऊन इजिप्तला गेला तेव्हा तिथले काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित, अनुवाद या कल्पनेनेच बिथरलेले होते. शेजारी तुर्कस्तानात अतातुर्क सगळंच तुर्की करत सुटला होता, १९३२ ला तर अजानही तुर्कीत झाली आणि १९५० पर्यंत तशीच राहिली. त्यामुळे अनुवाद म्हणजे अरबीला हाकलायचा डाव असा संशय होता. पिकथॉलने १९३० ला पुस्तकाला नावच असं दिलं की हा फक्त अर्थ आहे. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली, १८७२ ला जन्मलेले, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले, आयसीएस अधिकारी. त्यांचा अनुवाद १९३४ पासून लाहोरहून निघाला. जगभर लाखो प्रती गेल्या आणि हा माणूस १९५३ ला लंडनमध्ये एकटा, जवळपास निराधार अवस्थेत वारला.

मराठीत वाचायचं असलं तर

विनोबा नागपूरहून दीड-दोन तासांवर, धाम नदीकाठी पवनारला राहायचे. मूळ वाचायचं म्हणून ते अरबी शिकले, उच्चारासकट. १९६२ ला त्यांनी कुरआन-सार काढलं, निवडक आयती विषयवार लावून. हा पूर्ण अनुवाद नव्हे आणि क्रमही मूळचा नाही, पण ज्याने कधीच काही वाचलेलं नाही त्याला आत शिरायला मला तेच सोपं वाटतं.

पूर्ण अनुवाद मराठीत मिळतात. घेताना दोनतीन गोष्टी बघा. शेजारी अरबी मजकूर आहे का. अनुवादकाचं नाव आहे का, आणि त्याने थेट अरबीतून केलाय की उर्दूवरून, कारण उर्दूवरून केला असला तर उर्दू भाष्यकाराची मतंही कंसातून आत आलेली असतात. आयतींचे आकडे छापलेत का. ग्रुपवर कोणी "कुरआनात असं लिहिलंय" म्हणून ओळ टाकली की सुरा आणि आयतीचा नंबर मागायचा, मग मागच्या-पुढच्या पाच आयती वाचायच्या. आणि युरोपातलं जुनं पुस्तक हाताशी असेल तर सांभाळा, एकोणिसाव्या शतकात लाइपझिगला फ्ल्यूगेलने छापलेल्या आवृत्तीचे नंबर कैरोपेक्षा वेगळे आहेत, जुने विद्वान त्यानुसार दाखले देतात आणि आपण भलतीच आयत काढून बसतो.